मधुमेही पायाची जखम : काढता न येणारे प्लॅस्टर की काढता येणारा बूट?

धागाकर्ता (शल्यचिकित्सक, पुणे)
मधुमेहाने पाय बधिर झालेल्या रुग्णाच्या चवड्याखाली जखम झाली, की मलमपट्टी, प्रतिजैविके आणि साखरेचे आकडे यांवरच सारा भर दिला जातो. प्रत्येक पावलाला त्या जखमेवर शरीराचा भार पडतो आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा जखमेसाठी जखमेवरचा भार कमी करणारे, गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे साधन (प्लॅस्टर किंवा बूट) हाच पहिला पर्याय मानला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णाच्या कमरेला आणि त्याला दिलेल्या, भार कमी करणाऱ्या पण काढता येणाऱ्या बुटाला पावले मोजणारी यंत्रे बसवली होती. दिवसभरातील हालचालीपैकी जेमतेम २८ टक्के हालचाल बूट घालून झालेली आढळली. आपल्याकडे तर पादत्राणे उंबऱ्याबाहेरच उतरतात, म्हणजे स्वयंपाकघर ते न्हाणीघर हा सारा वावर उघड्या जखमेवर. शिवाय हे तंत्र आपल्याला परके नाही. तमिळनाडूतील वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर अशाच प्लॅस्टरने उपचार केले आणि पुढे ते तंत्र अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात नेले. मग आपल्या मधुमेही रुग्णांना ते सहसा का मिळत नाही?

प्रतिसाद १ (वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय)
आपले आकडे मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. ज्या बधिरतेमुळे रुग्णाला जखम कळत नाही, तिच्यामुळेच प्लॅस्टर घोट्याच्या हाडावर घासत असल्याचेही त्याला कळत नाही. आत पू झाला, तर वास येतो किंवा प्लॅस्टरवर ओलसर डाग उमटतो, तेव्हा कुठे लक्ष जाते. प्लॅस्टर साधारणपणे दर आठवड्याला बदलावे लागते. भातलावणीच्या दिवसांत रोजंदारीवरचा माणूस त्यासाठी मजुरी बुडवून येत नाही, हे मी पाहत आलो आहे. एक पाय उंच झाल्याने म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, तो धोका वेगळाच. काढता येणाऱ्या बुटात जखम निदान रोज पाहता तरी येते.

धागाकर्ता
रोज पाहिल्याने जखम भरत नाही. तिच्यावरचा भार हटला तर भरते. गंभीर जंतुसंसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची गंभीर उणीव असेल, तर आधी त्यावर उपचार आणि तोवर काढता येणारे साधन, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. प्लॅस्टर सरसकट बांधा, असे मीही म्हणत नाही. कुशल हात नसतील, तर तयार बुटावरच प्लॅस्टरची पट्टी गुंडाळून तो काढता येणार नाही असा करता येतो. २००५ च्या एका अभ्यासात असे बूट दिलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्णांच्या जखमा १२ आठवड्यांत भरल्या. तोच बूट काढता येत होता, त्या गटात हे प्रमाण ५२ टक्के होते. रुग्णसंख्या ५० च होती हे खरे, पण बूट तोच असताना एवढा फरक पडला, हे नजरेआड करता येणार नाही.

प्रतिसाद २ (रुग्णाची मुलगी, मिरज)
माझी आई दिलेला बूट घरात घालत नसे, कारण देवासमोर तो घालून जाणे तिला पटत नव्हते. त्यामुळे धागाकर्त्यांचे म्हणणे मला पटते. पण जखम भरल्यानंतर काय, याबद्दल आपण दोघेही बोलत नाही. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के असल्याचे जाणकार सांगतात. तरी आईला घरी पाठवताना घरात वापरायची मऊ तळाची एमसीआर (सूक्ष्मछिद्री रबराची) चप्पल कोणी सुचवली नाही, की घट्टे वेळीच तासून घ्यायला हवेत हेही सांगितले नाही.

प्रतिसाद १
ताई, आपला मुद्दा रास्त आहे, आणि त्यामुळेच पाठपुराव्याबद्दलची माझी शंका आणखी बळावते. बुटावर पट्टी गुंडाळण्याची युक्ती मी वापरून पाहीन; अट एवढीच, की पुढच्या आठवड्यात ती कोणी, कुठे आणि कोणत्या दिवशी उघडायची, हे बांधण्याआधीच रुग्णाच्या कागदावर नावानिशी लिहिलेले असावे, आणि तो आला नाही तर त्याच्या घरी जाणारे माणूसही ठरलेले असावे. तेवढी व्यवस्था नसेल तिथे मी काढता येणारा बूटच देईन.