मूलहून मार्कंडादेव, एकटीने गाडीवर: एका दिवसात नीट पाहून होतं का?

मूलची_पाहुणी
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी आले. रविवारी खोलीत बसून जीव विटतो. बाबांची जुनी स्प्लेंडर आहे, येत्या रविवारी तिच्यावर मार्कंड्याची जुनी देवळं बघायला जाईन म्हणते. घरमालक काकू म्हणतात, "एकटी कायले जातेस बाई? महाशिवरात्रीले सारेच जातात, तवा जाय." पण मला जत्रा नाही, दगड बघायचेत. किती वाजता निघू? आणि तिथे नेमकं बघायचं काय?

बियाणेवाला
ताई, काकू चुकीचं नाही सांगून राहिल्या, पण जत्रेत देऊळ दिसत नाही, माणसांच्या पाठी दिसतात. मी बियाण्याच्या धंद्यात फिरतीवर असतो, चामोर्शी तालुका माझ्याच लाइनीत.

पहिली गोष्ट, रस्ता विचारताना 'मार्कंडादेव' म्हणा. मी पहिल्यांदा मोबाईलमध्ये नुसतं 'मार्कंडा' टाकलं आणि पोचलो मार्कंडा कंसोब्याला, पार आष्टीकडे. पानठेल्यावाला हसला. "देवाचा मार्कंडा मागंच राहिला भाऊ." पेट्रोल गेलं ते गेलंच, वर त्याच्याकडचा चहाही कडू.

दुसरी, मूलच्या आसपासच्या जंगलात वाघाचा भरवसा नाही. नव्या आहात म्हणून सांगतो. उजाडल्यावर निघा, दिवेलागणीच्या आत घरी. मध्येच गाडी थांबवून फोटो काढू नका.

आता देऊळ. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून त्या जागेला एवढा मान. विदर्भाची काशी म्हणतात. १८७३-७४ च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम हा इंग्रज पुरातत्त्व अधिकारी आला होता, त्याने देवळांभोवतीच्या कोटाची मापं लिहून ठेवलीत: १९६ फूट लांब, ११८ फूट रुंद. मी पावलांनी मोजून पाहिलं, हिशोब काही जुळला नाही. माझी पावलं आखूड पडली असतील.

गावात कोणीही विचारा, 'हेमाडपंती' म्हणतील. हेमाद्री म्हणजे हेमाडपंत तेराव्या शतकातला, ही देवळं त्याच्या आधीची. पण वाद घालू नका, चहा मिळत नाही मग.

मी गेलो तेव्हा मुख्य देवळाचे दुरुस्तीसाठी उतरवलेले दगड आवारात मांडून ठेवलेले, एकेकावर रंगाने नंबर. खरं सांगतो, आधी वाईट वाटलं, एवढ्या लांब येऊन ढिगारा पाहायचा का म्हणून. मग एका दगडावर कोरलेली वेल दिसली. पान, कळी, पुन्हा पान, आणि दगडाच्या कडेला देठ अर्धाच तुटलेला. उरलेला देठ कुठंतरी असणारच ना! अर्धा तास उन्हात वाकून फिरलो. दहा-बारा हातांवर सापडला, आडव्या दगडावर, कळी खाली तोंड करून. शिखरावर असती तर ही वेल खालून मला बापजन्मात दिसली नसती.

लहान देवळं सोडू नका. मार्कंडेयाची गोष्ट माहीतच असेल, सोळाव्या वर्षी यम न्यायला आला आणि पोराने पिंडीला मिठी मारली. तर ज्या यमाला हात हलवत परत जावं लागलं, त्याचंही देऊळ त्याच आवारात आहे. मला हे फार आवडलं.

डबा घरूनच न्या.

झाडीपट्टीची_पोर
भाऊंचं सगळं खरं, फक्त थंडीत फार लवकर निघू नका. नदीच्या बाजूला धुकं असतं, पुलावर समोरचं दिसत नाही. मी दोनदा एकटी गेले, कोणी त्रास दिला नाही. त्रास झाला तो पंक्चरचा. रविवारी दुकानं बंद, एका शेतकरीदादाने बैलबंडीत गाडी टाकून गावापर्यंत आणली आणि वाटभर "नवरा कुठंय" विचारत राहिला. जुनी गाडी आहे तर जास्तीची ट्यूब सोबत ठेवा.

भांदकवाला
दगडांचंच वेड असेल तर पुढचा रविवार भद्रावतीला. विजासन लेणं बघा. डोंगरात सरळ आत जाणारी गल्ली, शेवटी बसलेला बुद्ध. टॉर्च न्या, मोबाईलच्या उजेडात नुसती वटवाघळं कळतात.

मूलची_पाहुणी
जाऊन आले! साडेआठला निघाले, हरणघाटच्या पुलावर तरीही धुकं होतंच. पंक्चर नाही झाली, पण चोक अडकला. एका शाळकरी पोराने दोन लाथांत गाडी सुरू करून दिली, त्याच गाडीला मी वीस मारल्या होत्या.

बियाणेवाले भाऊ, तुमची वेल मला नाही सापडली. त्याऐवजी एक बाई सापडली, चेहरा पार झिजलेला, नाक-डोळे काही नाही, पण पायातलं पैंजण मात्र कालच घातल्यासारखं. तिच्यासमोरच डबा उघडला. यमाच्या देवळात वाकून आत गेले आणि येताना कपाळमोक्ष होता होता राहिला. टेंगूळ आहे अजून.

पाचला घरी. काकू दारातच उभ्या. प्रसादाचा नारळ हातात दिला, तर विचारतात, "गर्दी होती का वं?"
म्हटलं, "होती ना. मी अन् तीन शेळ्या."