अमेरिकेची १७८७ची राज्यघटना: क्रांतीची पूर्तता की लढणाऱ्यांचा विश्वासघात?

रानवाट:
अमेरिकेचं स्वातंत्र्य म्हटलं की आपण ४ जुलै १७७६चा जाहीरनामा आणि वॉशिंग्टन यांच्यावरच थांबतो. मला त्यापुढचं बोलायचंय. तेरा वसाहतींतले शेतकरी लढले आणि राज्य मात्र सावकार-व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीचं उभारलं, असं माझं ठाम मत आहे.

डॅनिएल शेजचंच बघा. बंकर हिलच्या लढाईत ब्रिटिशांशी लढलेला, पुढे सैन्यात कॅप्टन. युद्ध संपल्यावर मॅसॅच्युसेट्सने कर्ज फेडायला जबर कर बसवले, तेही रोख नाण्यात. खेड्यात नाणं येणार कुठून? जमिनी-गुरांवर जप्ती आली, कर्जबाजारी तुरुंगात गेले. १७८६ मध्ये शेजसारख्यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी न्यायालयांना घेराव घालून कामकाजच बंद पाडलं, म्हणजे जप्तीचे हुकूम निघायलाच नकोत. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापाशी त्यांच्यावर तोफा डागल्या, चौघे गेले. बंड मोडायला मागून फौज आली, तिचा पैसा बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी खाजगीत जमवला होता!

त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात बंद दाराआड बैठक सुरू झाली, प्रतिनिधी ५५. काम दिलं होतं तेरा राज्यांना बांधणाऱ्या जुन्या करारात दुरुस्ती करायचं, सप्टेंबरात बाहेर आली अख्खी नवी घटना.

चौकस_माणूस:
साफ असहमत. शेतकऱ्यांचे हाल झाले ते मध्यवर्ती सरकार दुबळं होतं म्हणून. १७८१च्या त्या जुन्या करारानुसार काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या मध्यवर्ती प्रतिनिधी-सभेला, कर बसवायचा अधिकारच नव्हता, राज्यांपुढे हात पसरायचे. ५ टक्के आयात कराचा प्रस्ताव ऱ्होड आयलंडच्या नकाराने अडला, कारण तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी होती. पगार थकले ते यामुळेच. जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाने संरक्षणाला माणसं दिली नाहीत आणि देशाची काँग्रेस उठून प्रिन्स्टनला गेली. तिकडे युद्ध संपवणारा तह होऊनही ब्रिटिश डेट्रॉइट आणि नायगाराचे किल्ले सोडत नव्हते. असा देश किती वर्षं टिकला असता?

शिवाय मसुदा प्रत्येक राज्यात लोकांपुढे गेलाच की. मॅसॅच्युसेट्सच्या मंजुरी-सभेत १८७ विरुद्ध १६८ मतं पडली.

रानवाट:
गेला, पण नऊ राज्यांची संमती पुरे हा नियम फिलाडेल्फियावाल्यांनीच ठरवला. आणि पगाराचा विषय काढलात, तर तो पुरता सांगा. सैनिकांच्या हाती पगाराऐवजी सरकारी रोखे टेकवले होते. घर चालवायला अनेकांनी ते सटोडियांना मातीमोल भावात विकले. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनच्या योजनेत त्या सटोडियांचे दावे ग्राह्य धरले गेले. मूळ धारकांना वाटा द्या असं काँग्रेसचा सदस्य मॅडिसन म्हणाला, काँग्रेसने ते फेटाळलं. रक्त सांडलं त्यांच्या पदरात काय पडलं, सांगा.

सांजवेळ:
तुम्ही दोघंही लढणाऱ्यांबद्दल बोलताय, त्यात गुलाम कुठेत? नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं: बंडखोरांचे गुलाम आमच्या बाजूने लढले तर मुक्त. शेकडो जण जीव मुठीत धरून त्याच्याकडे पळाले. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य ब्रिटिशांच्या छावणीत होतं. नव्या घटनेने काय केलं? राज्यांचे प्रतिनिधी किती हे ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली आणि त्यांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही असं ठरवलं. जुना करार असो वा नवी घटना, या माणसांना दोन्हींत जागा नव्हती.

चौकस_माणूस:
सांजवेळ, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो कलंकच आहे. पण रानवाट, याच चौकटीत १७९१ मध्ये नागरिकांच्या हक्कांच्या दहा दुरुस्त्या आल्या, हे कसं विसरता?

रानवाट:
विसरत नाही. पण घटनाकारांनी त्या आपणहून दिलेल्या नाहीत. हक्कांची सनद नाही म्हणून फिलाडेल्फियातल्या बैठकीतला प्रतिनिधी जॉर्ज मेसनने घटनेवर सहीच केली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये दुरुस्त्यांची शिफारस जोडली तेव्हा कुठे १९ मतांनी निभावलं, आणि विरोधात मत देणारे कितीतरी जण शेजच्याच पश्चिम भागातले होते. दहा दुरुस्त्यांचं श्रेय मी त्यांना देईन.