मदत हवी आहे: पायथनचं स्ट्रपीटाइम नेमकं २९ फेब्रुवारीलाच का अडतं?

नमस्कार मंडळी,

दोन दिवस डोकं आपटून झालं, आता शरण आलोय. सर्व्हरचे सिसलॉग (घडामोडींच्या नोंदींच्या फाइली) वाचणारी छोटी स्क्रिप्ट आहे, पायथन ३.१२ वर. प्रत्येक ओळीची पहिली १५ अक्षरं कापतो (महिन्याचं तीन अक्षरी नाव, दिवस, वेळ), डेटटाइम मॉड्यूलच्या स्ट्रपीटाइमला (मजकुरातून तारीख-वेळ वाचणारं फंक्शन) देतो, आणि मिळालेल्या तारखेत रिप्लेसने साल घालतो. सिसलॉगच्या जुन्या फॉरमॅटमध्ये साल नसतंच, म्हणून हा खटाटोप.

२०२४ च्या फाइली परत वाचायला घेतल्या. २८ फेब्रुवारीच्या रात्री २३:५९ पर्यंत सगळं सुरळीत, पुढच्याच ओळीला व्हॅल्यूएरर: ‘डे इज आउट ऑफ रेंज फॉर मंथ’, म्हणजे या महिन्यात ही तारीखच नाही. १ मार्चपासून पुन्हा ठीक. अहो, २०२४ लीप वर्ष होतं की!

तीच स्ट्रिंग टाइम मॉड्यूलच्या स्ट्रपीटाइमला दिली तर निमूट चालते. लायब्ररी एक, नाव एक, फॉरमॅट एक, आणि उत्तरं दोन. हा बग म्हणायचा की माझंच चुकतंय? सध्या एक्सेप्ट (एरर पकडणारा कोड) लावून त्या ओळी सोडून देतोय, पण अख्खा दिवस गायब होतो, ते पटत नाही.

प्रतिसाद १

थोडं दोघांचंही. साल दिलं नाही तर स्ट्रपीटाइम १९०० धरतं. १९०० ला १०० ने भाग जातो पण ४०० ने जात नाही, त्यामुळे ते लीप नव्हतं. तुमचं रिप्लेस येईपर्यंत थांबतंय कोण, तारीख बनतानाच मोडते.

टाइम मॉड्यूल चालतं त्यामागे एक ठिगळ आहे. आतला पार्सर (मजकूर फोडून वाचणारा कोड) दोघांचा एकच. साल नसताना २९ फेब्रुवारी आली की तो हिशोबापुरतं १९०४ धरतो आणि शेवटी परत १९०० लिहून देतो. टाइमला ते खपतं, कारण त्याला नुसते आकडे परत करायचे असतात. डेटटाइम मात्र त्याच आकड्यांतून खरी तारीख बनवायला जातं, आणि १९०० साली २९ फेब्रुवारी उजाडलीच नव्हती.

३.१३ पासून साल न देता दिवस पार्स केला तर डेप्रिकेशन वॉर्निंग (ही पद्धत आता वापरू नका असा इशारा) मिळते. तीही थेट चालवलेल्या स्क्रिप्टमधून कॉल असेल तरच दिसते, इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलमधली एरवी गिळली जाते. तिच्या भरवशावर राहू नका.

उपाय सोपा: साल आधी स्ट्रिंगला चिकटवा, फॉरमॅटच्या सुरुवातीलाही सालाचा कोड टाका, मग पार्स करा. रिप्लेस काढून टाका.

धागाकर्ता

केलं, धन्यवाद! पण चालू साल चिकटवलं आणि ते लीप नाही, त्यामुळे २०२४ च्या फाइलवर पुन्हा तोच एरर. आगीतून फुफाट्यात.

प्रतिसाद २

‘आत्ता’ला धरून साल ठरवूच नका. फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ घ्या आणि तिचं साल लावून बघा. व्हॅल्यूएरर आला किंवा तारीख त्या वेळेच्या एक दिवसाहून पुढे गेली, तर एक साल मागे या. हा दुसरा नियम विसरलात तर जानेवारीत बंद झालेल्या फाइलमधल्या डिसेंबरच्या ओळी अकरा महिने पुढच्या दिसतील. एक दिवसाची सूट घड्याळं आणि टाइमझोन थोडे मागेपुढे असतात म्हणून.

आणि ते एक्सेप्ट फक्त साल ठरवण्यापुरतं ठेवा. दोन्ही सालं फसली तर ओळ गपचूप टाकू नका, एरर वर जाऊ द्या.

धागाकर्ता

जमलं, २९ तारखेच्या सगळ्या ओळी आल्या. एक खड्डा लागला: बॅकअपमधून फाइली कॉपी करताना बदलाची वेळ कॉपीच्या दिवसाची झाली होती, त्यामुळे पहिल्या फेरीत साल चुकलंच. नशिबाने फाइलच्या नावात तारीख होती, संदर्भाची वेळ आता तिथून घेतो.