सॉकेटवरून आलेले बाइट्स डीकोड करताना मधूनच एरर

प्रश्न (अर्धाक्षर):
पायथन ३ वापरतोय. सॉकेटवरून (नेटवर्कच्या जोडणीवरून) १०२४-१०२४ बाइट वाचतो आणि प्रत्येक तुकडा लगेच यूटीएफ-८ ने (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) डीकोड करतो, म्हणजे बाइट्सची अक्षरं करतो. इंग्रजी मजकुरावर महिनाभर सुरळीत चाललं. मराठी यायला लागलं आणि मधूनच युनिकोडडीकोडएरर. म्हणून नुसते 'क' ४०० वेळा पाठवून पाहिले. पहिल्याच तुकड्यात १०२३ व्या जागी गाडी अडली, तक्रार 'डेटा अचानक संपला' अशी. वैतागून डीकोडच्या एरर्स पर्यायाला 'इग्नोर' (न जुळणारे बाइट सोडून दे) दिलं. एरर गेली, पण मोजले तर ३९९ 'क'. एक गेला कुठे?

(त्याआधी बाइट्स थेट स्ट्र() मध्ये घालून पाहिले होते. एरर नाही, पण स्ट्रिंगच 'बी' आणि अवतरणचिन्हाने सुरू झाली. हसू नका.)

उत्तर (जुनाखिळा):
हसत नाही, ते सगळ्यांनी केलंय. एन्कोडिंग न सांगता स्ट्र() ला बाइट्स दिले की तो डीकोड करतच नाही, छापून दाखवतो तसं रूप हातात ठेवतो.

आता हरवलेला 'क'. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट: २२४, १६४, १४९. ३४१ 'क' म्हणजे १०२३ बाइट. १०२४ वा बाइट (पायथन शून्यापासून मोजतो, म्हणून जागा १०२३) पुढच्या 'क'चा २२४, आणि त्याचे दोन भाऊ दुसऱ्या तुकड्यात. 'इग्नोर'ने इकडचा एक टाकला, तिकडचे दोन टाकले. ते 'इग्नोर' आधी काढ. एरर खरं बोलत होती, तू तिचं तोंड दाबलंस.

पायथनच्या कोडेक्स मॉड्यूलमध्ये गेटइन्क्रिमेंटलडीकोडर (तुकड्यातुकड्याने डीकोड करणारा डीकोडर देणारं फंक्शन) आहे. त्याला 'यूटीएफ-८' सांगून डीकोडर एकदाच, लूपच्या बाहेर बनव आणि प्रत्येक तुकडा त्यालाच दे. अर्धवट बाइट तो पोटात ठेवतो, पुढचा तुकडा आला की जोडतो. शेवटी रिकामे बाइट्स आणि फायनल=ट्रू देऊन एकदा बोलाव. पोटात काही उरलं असेल तर तिथे एरर येईल, म्हणजे समोरच्याने मजकूर अर्ध्यात तोडलाय हे कळेल.

उत्तर (रात्रपाळी):
तुकडा तीनच्या पटीत, १०२६ किंवा ९९९ करून सुटेल असं वाटत असेल तर नाही सुटणार. स्पेस आणि पूर्णविराम एकेक बाइटचे, त्यात रिसीव्ह (सॉकेटवरून वाचणारा कॉल) 'जास्तीत जास्त' तेवढे देतो, कमीही देतो. ओळीओळीने वाचायचं असेल तर सॉकेटच्या मेकफाइलला (सॉकेट फाइलसारखं वाचू देणारी सोय) एन्कोडिंग दे, डीकोडरची भानगडच नको.

आणि स्ट्रिंग झाल्यावरही लांबीवर विसंबू नकोस. 'क्ष'ची लांबी ३ येते: क, हलन्त, ष.

अर्धाक्षर:
४०० आले! एकच शंका, दहा क्लायंट एकदम जोडले तर डीकोडर एकच चालेल?

जुनाखिळा:
नाही रे. प्रत्येक कनेक्शनला वेगळा. नाहीतर एकाचा उरलेला २२४ दुसऱ्याच्या मजकुराला चिकटेल.