मदत हवी आहे: आजार ही पापाची शिक्षा, हे आईच्या मनातून कसं काढू?

जय ख्रिस्त. आम्ही पुण्यात, वानवडीला राहतो. आईला कर्करोग आहे, केमो चालू आहे. घरी प्रार्थनेला आलेल्या एकांनी तिला सांगितलं, "एखादं पाप कबूल करायचं राहिलंय, म्हणून गुण येत नाही." तेव्हापासून ती उशाशी वही ठेवून जुन्या चुका आठवून आठवून लिहिते. लग्नाआधी बहिणीशी झालेलं भांडणसुद्धा त्यात आहे. उलटीच्या गोळ्या घ्यायलाही नको म्हणते. त्या आता मीच हातावर ठेवते.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला (अध्याय 9) जन्मांध माणूस मी तिला वाचून दाखवला. पाप ना त्याचं, ना आईबापांचं, असं येशू स्पष्ट सांगतो. दुःखात, आजारात पडलेल्या ईयोबाला दोष देणाऱ्या मित्रांवर तर देव रागावतो. पण ती याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय काढते, तिथे प्रार्थना, तेल लावणं आणि पापांची कबुली एकत्र येते. माझ्या मते तिथेही 'पाप केलं असलं तर' असंच आहे, केलंच आहे असं नाही. माझं तिला पटत नाही, मी लेक ना!

केडगावच्या पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा 1921 मध्ये, त्यांच्या हयातीतच गेली. त्या माउलीला कोणी पापाचा जाब विचारावा का?

वानवडी-हडपसर भागात आजाऱ्यांना भेटणारे, शांतपणे ऐकून घेणारे पाळक किंवा एखाद्या वडीलधाऱ्या ताई माहीत आहेत का? घरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) देतील का? रात्री झोप येत नाही तेव्हा कोणती स्तोत्रं वाचू, तेही सांगा. कृपया मेसेज करा.