विक्लो पर्वतातली बॉगवरची लाकडी वाट: जूनमध्ये जायचंय, जाणकारांनी सांगा

कर्जत_लोकल:
मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने डब्लिनला जातोय. बाबाही सोबत येणार आहेत, वय ६३. शनिवार-रविवार मोकळे आहेत. तिथल्या जवळच्या विक्लो पर्वतात बॉगवरून, म्हणजे पाणथळ दलदलीवरून, जाणाऱ्या लाकडी वाटांचे फोटो पाहिले आणि एक दिवस तिथे चालायचं ठरवलं. गाडी भाड्याने घेणार नाही.

जाउस डोंगर करावा की ग्लेन्डालॉक दरीतला स्पिंकचा कडा? बाबा चढायला पक्के आहेत, राजमाची-कळसूबाई आरामात करतात, पण उतरताना गुडघा कुरकुरतो. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज चालतील का? पावसासाठी आपला पोंचो पुरेल? आणि फळीवरून खाली पाय टाकला तर माणूस खरंच रुततो, की ते नुसतं घाबरवायला लिहितात?

घाटवाट_मापक:
गाडी नाही म्हणजे अर्धा प्रश्न सुटलाच. स्पिंक करा. जाउसची सोयीची सुरुवात सॅली गॅपच्या रस्त्यावरच्या जे. बी. मलोन कार पार्कपासून होते आणि तिथवर बस जात नाही. राउंडवुड गावाहून टॅक्सी करता येते, पण परतीची वेळ जातानाच पक्की करावी लागते. ग्लेन्डालॉकला डब्लिनहून सेंट केविन्स बस थेट जाते. फेऱ्या मोजक्या आहेत. परतीची शेवटची बस आदल्या रात्री बघा आणि दिवसाचं गणित तिच्यापासून उलटं मांडा. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, त्यामुळे लोक निवांत रेंगाळतात आणि बस निघून जाते.

स्पिंकची फेरी पांढऱ्या बाणांनी दाखवलेली आहे. अंतर साधारण ९ किलोमीटर, चढ ३८० मीटरच्या आसपास. वेळ काढायला नेस्मिथचा नियम लावा: ५ किलोमीटरला एक तास आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त. हिशोब अडीच तासांच्या आत येतो, पण तो न थांबता चालणाऱ्याचा. फोटो, डबा आणि ओल्या फळ्या धरून चार तास ठेवा.

दिशा महत्त्वाची. पोलनास धबधब्याच्या बाजूने चढा, वरच्या तळ्याच्या दक्षिणेकडच्या कड्यावरून पश्चिमेला जा, ग्लेनीलो दरीत उतरा आणि तळ्याच्या उत्तर काठाने परत या. उलट्या दिशेने गेलात तर सहाशेहून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात. रायगडच्या पायऱ्यांच्या निम्म्याहून कमीच आहेत त्या, पण लाकडी स्लीपरच्या (रेल्वेच्या रुळांखाली असतात तसल्या ओंडक्यांच्या) आणि बहुतेक वेळा ओल्या. बाबांच्या गुडघ्याला तेच नको आहे. सरळ दिशेने उतार दगडी वाटेवर, नागमोडी आणि लांबवर पसरलेला मिळतो. तोही खडबडीत आहेच, पण पाय कुठे ठेवायचा ते ठरवता येतं.

त्या दिवशी गुडघा साथ देत नसेल तर बाबांनी चढूच नये. तळ्याच्या उत्तर काठाने जुन्या शिशाच्या खाणींच्या वस्तीपर्यंत माइनर्स रोड जातो, जाऊन-येऊन ५ किलोमीटर, चढ जवळपास नाहीच. स्पिंकची वाट त्याच वस्तीपाशी खाली उतरते, म्हणजे भेटायची जागा आपोआप ठरली. 'अर्ध्या पायऱ्या चढून बघू, जमलं नाही तर परत फिरू' हा बेत मात्र करू नका. परत फिरणं म्हणजे त्याच पायऱ्या उतरणं.

मुलुंड_चेकनाका:
बॉग म्हणजे चिखल. सरळ गमबूट घाला, पाय कोरडे राहतील. आणि एवढ्या लांब जाताय तर कुल्का पर्वताचा बोर्डवॉक करा की. तो विक्लोपेक्षा कितीतरी भारी दिसतो.

सडा_आणि_सोंड:
दोन्ही सल्ल्यांना हरकत आहे.

गमबुटाचा तळ सैल आणि मऊ असतो, घोट्याला आधार नाही. फळीवर टाच आतल्या आत सरकते आणि दगडी उतारावर बोटं पुढे आपटतात. बॉगवर काम करणारे लोक गमबूट घालतात हे खरं, पण ते नऊ किलोमीटरची फेरी मारत नाहीत.

कुल्काची वाट दिसायला देखणी आहे यात वाद नाही. तो बोर्डवॉक २०१५ मध्ये पीट (बॉगमधला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) तुडवलं जाऊ नये म्हणून बांधला, आणि नंतर त्याचे फोटो पसरून गर्दीच वाढली. पण ती सुरुवात फरमॅना परगण्यात, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि ते युनायटेड किंग्डम. भारतीय पासपोर्टवर नुसता आयर्लंडचा व्हिसा असेल तर तिथे जाता येत नाही. व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) हा शेरा असेल तरच दोन्हीकडे चालतो. सीमेवर चौकी दिसत नाही म्हणून परवानगी आहे असं समजू नका. विक्लो पूर्णपणे आयर्लंड प्रजासत्ताकात आहे, तिथे हा घोळ नाही.

ॲक्शनचे बूट कातळावर उत्तम पकडतात, पण ओल्या लाकडावर कुठलंही रबर घसरतं, महागडंसुद्धा. म्हणून तिथे फळ्यांवर जाळी मारलेली असते. दोन स्लीपर शेजारी-शेजारी लांबीच्या दिशेने टाकलेले असतात आणि वरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी यू आकाराच्या खिळ्यांनी ठोकलेली असते. पूर्ण तळवा जाळीवर सपाट टेकवायचा, पावलं आखूड टाकायची. दोन स्लीपरमधल्या फटीवर किंवा बाहेरच्या कडेवर भार द्यायचा नाही. वर्दळीने मधली जाळी झिजून तुटते, तिथे गुळगुळीत लाकूड उघडं पडतं आणि बाजूला तुटलेली तार वर उचललेली असते. लाकडावर टाच घसरते, तारेत चवडा अडकतो. बहुतेक लोक याच दोन कारणांनी पडतात. उतारावर समोरच्या तळ्याकडे बघत चालू नका, बघायचं असेल तर थांबा.

बूट वॉटरप्रूफ नसले तरी जूनमधल्या एका दिवसाला अडत नाही. लोकरीचे मोजे घाला, दुसरी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पोंचो मात्र घरीच राहू दे. कड्यावरचा वारा खालून शिरतो, पोंचो डोक्यावर येतो आणि पायाखालची फळी दिसेनाशी होते. टोपीचं, चेन लावायचं जॅकेट आणि वरून घालायची पावसाळी पँट घ्या. जीन्स अजिबात नको. भिजलेला सुती कपडा तिथल्या वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो. जूनमध्ये डब्लिनला दुपारी सतरा-अठरा अंश असतात, वर त्याहून काही अंश कमी आणि वारा वेगळाच. आपल्याकडे भर पावसात भिजून चालायची सवय असते, कारण पाऊस कोमट असतो. ती सवय इथे उपयोगाची नाही.

पाणथळ_प्राणी:
रुतण्याबद्दल. माणूस सिनेमात दाखवतात तसा गडप होत नाही, पण पाय गुडघ्यापर्यंत जाऊ शकतो, तळ्यांच्या भागात त्याहून जास्त. पिटात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. वरची शेवाळाची गादी वजन पेलते असं वाटतं, आणि पेलत नाही. जमीन रंगावरून वाचता येते. जांभळट-तपकिरी हेदरची झुडपं असतील तिथे त्यातल्या त्यात घट्ट. कापसासारखे पांढरे तुरे डोलत असतील तिथे ओल. पोपटी, सपाट, मखमली दिसणारा तुकडा हा सगळ्यात फसवा, त्याखाली पाणी असतं.

पाय गेलाच तर ओढू नका. ओढल्याने खाली पोकळी होते, बूट चिकटून राहतो आणि मोजा तेवढा हातात येतो. दुसऱ्या पायावर आणि काठीवर भार घ्या, अडकलेली टाच हळूहळू हलवून पाणी आत शिरू द्या, मग टाच आधी आणि चवडा नंतर, असा पाय काढा.

पण मुळात फळीवरून उतरायचं नाही, आणि ते तुमच्या पायापेक्षा जमिनीसाठी. पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतं, म्हणजे मीटरभर थराला हजारेक वर्षं. पंधरा-वीस माणसं एकाच जागी फोटोसाठी उतरली की शेवाळ मरतं, काळं पीट उघडं पडतं, उन्हात भेगाळतं आणि पुढच्या पावसात वाहून जातं. मग तिथे ओघळ पडतो, ओघळातून आजूबाजूच्या बॉगचं पाणी निघून जातं आणि नुकसान तुडवलेल्या जागेच्या कितीतरी पलीकडे पोचतं. हा भाग १९९१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि युरोपीय संघाच्या अधिवास कायद्याखालीही संरक्षित आहे.

आपल्याकडच्या ट्रेकरला एक सवय मोडावी लागते. वाटेत चिखल दिसला की आपण कडेच्या गवतावरून वळसा घेतो. तिथे फळ्या संपतात त्या पट्ट्यांत नेमकं उलटं करायचं: डबक्याच्या मधून चालायचं. वळसा घालणाऱ्यांमुळे दोन फुटांची वाट बघता बघता दहा-पंधरा फुटांची होते. बूट ओले होतील, होऊ द्या. समोरून कोणी आलं तर फळीवरच आडवं उभं राहून वाट द्या, चढणाऱ्याला आधी जाऊ द्या.

जाता जाता: मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी सह्याद्रीच्या पठारांवर असे मीटर-मीटर पिटाचे थर का नाहीत? कारण आपला पाऊस चार महिन्यांत संपतो आणि उरलेल्या आठ महिन्यांत मेलेलं गवत-शेवाळ हवा लागून कुजून जातं. असा बॉग तयार व्हायला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पुरतो, पण तो वर्षातल्या सव्वादोनशेच्या वर दिवसांत विभागून पडावा लागतो. जमीन कधी वाळतच नाही, म्हणून काही पूर्ण कुजत नाही. मातीत पोषण कमी असल्याने तिथेही कीटक खाणारी ड्रॉसेरा उगवते, आपल्या कास पठारावरच्या दवबिंदू वनस्पतीची भावकी. फळीच्या कडेला वाकून बघा, लाल केसांची नखाएवढी पानं दिसतील. बघायला फळीवरून उतरायची गरज नाही.

कर्जत_लोकल:
भरपूर माहिती, आभार. कुल्का रद्द, व्हिसावर तो शेरा नाहीये. स्पिंक आणि बाबांसाठी माइनर्स रोड राखीव. दोन शंका आहेत. बाबा दोन काठ्या वापरतात, त्या फळ्यांवर चालतील का? आणि धुकं आलं तर?

सडा_आणि_सोंड:
काठ्या घ्याच, पण टोकांना रबरी टोप्या चढवा. लोखंडी टोक जाळीत अडकतं, आणि स्लीपरच्या फटीत गेलं की चालत्या झोकात काठी वाकते किंवा मोडते. मनगटाचा पट्टा फळ्यांवर काढून ठेवा, म्हणजे काठी अडकली तरी हात ओढला जाणार नाही. पायऱ्यांवर दोन्ही काठ्या एका हातात घेतलेल्या बऱ्या. दगडी उतारावर काठ्या थोड्या लांब करून दोन्ही वापरा. टोप्यांची एक जादा जोडी न्या, ओल्या पिटात त्या निघून राहतात.

घाटवाट_मापक:
धुक्यात स्पिंकवर फळी हीच वाट, ती सोडायची नाही. कड्याची बाजू उजवीकडे असते, त्यामुळे फोटोसाठी उजवीकडे सरकणं बंद. खरी गडबड फळ्या संपल्यावर होते, कारण हरणांच्या वाटा माणसांच्या वाटांसारख्याच दिसतात. पुढचा पांढरा बाण दिसेपर्यंत मागचा नजरेआड करू नका. दिसला नाही तर मागच्यापाशी परत या. फोनमध्ये नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते.

तसं सकाळी मेट एरनचा, म्हणजे तिथल्या हवामान खात्याचा, इशारा बघितलात तर वरची वेळ येणारच नाही. जोरदार वाऱ्याचा पिवळा इशारा असला तरी कड्यावर जाऊ नका, त्या दिवशी दोघेही माइनर्स रोड करा. अडचण आलीच तर ११२ किंवा ९९९ लावून 'माउंटन रेस्क्यू' मागा. पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे लागत नाहीत. शिट्टी जवळ ठेवा: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा.

दवाखाना_दादर:
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. तिथल्या हेदर-नेचात गोचीड असतात आणि त्यांच्यातून लाइम आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा. रात्री हॉटेलवर गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि केसांच्या कडेला तपासा. गोचीड दिसला तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी यांतलं काही लावायचं नाही, त्याने तो पोटातलं आत ओकतो.

चावल्यानंतर तीन दिवसांपासून महिनाभरात कधीही पसरत जाणारा लाल चट्टा दिसू शकतो. तोवर तुम्ही परत आलेले असाल, आणि इथल्या डॉक्टरांच्या डोक्यात लाइम पटकन येणार नाही. आयर्लंडला डोंगरात चालून आलोय, हे स्वतःहून सांगा. चट्ट्याचा तारखेसकट फोटो काढून ठेवा.

पाणथळ_प्राणी:
आणि बूट इथून निघतानाच घासून, धुवून, वाळवून बॅगेत भरा, तळातल्या खाचांतली माती टोकदार काडीने काढून. तिथल्या लार्च या सूचीपर्णी झाडांच्या जंगलांना मारणारा एक रोग बुटांच्या मातीतून पसरतो, त्यामुळे ग्लेन्डालॉकहून परतताना इतर जंगलांत जायचं असेल तरी तेच करा. वाळवायला हॉटेलात वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा, हीटरवर ठेवू नका, तळाचा डिंक सुटतो.