मदत हवी आहे: छोट्या ऑफिसची फोन सिस्टीम, जुना ईपीएबीएक्स ठेवू का क्लाउड घेऊ? (सोलापूर)

मागवाला:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. पुढं ऑफिस, मागं मागांचं शेड आणि त्याच्याही मागं पॅकिंग. फोन वापरणारी माणसं आठ-नऊ. दोन लँडलाइन आहेत आणि वडिलांनी बसवलेला ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, तीन ट्रंक (बाहेरच्या लाइनी) आणि आठ एक्स्टेंशनचं (आतले फोन). यंदा वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि डब्याचे दोन ट्रंक पोर्ट गेले, म्हणजे आता सगळा कारभार एका लाइनवर चाललाय. पार्टीला दिवसभर एंगेज टोन, मग ते वडिलांच्या मोबाइलवर करतात, वडील तोंडी ऑर्डर घेतात आणि नंतर तीस-साठ इंची टॉवेल सांगितला होता का सत्तावीस-चोपन्न यावरून भांडण.

दोन वेंडर येऊन गेले. एक म्हणतो जुनं सगळं फेका, आयपी पीबीएक्स घ्या, म्हणजे लॅनच्या केबलवर चालणारं एक्स्चेंज, प्रत्येक टेबलावर आयपी फोन, आकडा लाखाच्या वर सांगितला. दुसरा म्हणतो डबाच नको, क्लाउड घ्या, म्हणजे एक्स्चेंज त्यांच्या सर्व्हरवर, महिन्याला माणशी पैसे भरा. दोघंही पॅकिंगपर्यंत गेलेच नाहीत, ऑफिसात बसूनच चहा पिऊन गेले.

आमच्या अडचणी अशा की ०२१७ चा नंबर प्रत्येक खोक्यावर आणि बिलावर छापलाय, तो बदलायचा नाही. आंध्र-तेलंगणाच्या पार्ट्या तेलुगूतच बोलतात आणि ते बोलणारा आमचा माणूस पॅकिंगला असतो, ऑफिसात नाही. तिथं मागांच्या खडखडाटात साधी रिंग ऐकूच येत नाही, मोबाइल तर खिशात वाजून वाजून बंद होतो. ऑफिसपासून पॅकिंगपर्यंत वायर जाते ती भिंतीकडेनं वळसा घालून, दीडशे मीटर तरी असेल. काय करावं?

सातरस्ता:
आमचं टॅक्सचं ऑफिस आहे, आम्ही क्लाउडवर गेलो आणि सुखी आहोत. पार्टी एका नंबरवर फोन करते, मराठीसाठी एक दाबा वगैरे ऐकते आणि कॉल आमच्या मोबाइलवर येतो. घेणाऱ्याला नेट लागत नाही, साधा कॉलच असतो. रेकॉर्डिंग मिळतं, मिस्ड कॉलची यादी मिळते. तुमचं तीस-साठचं भांडण तिथंच मिटेल. तेलुगूला दोन, कन्नडला तीन ठेवा की. फक्त मिनिटाचे दर आधी नीट विचारा, कारण आलेला कॉल तुमच्या मोबाइलवर जोडायचेही पैसे बरेच जण लावतात. वर १८ टक्के जीएसटी, तो तुम्हाला क्रेडिटला मिळेल.

क्रोनबॉक्स:
मागवाले, मी याच लाइनीत आहे, मला काही विकायचं नाही, सरळ सांगतो. आधी नंबर. मोबाइलसारखं लँडलाइनचं पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, आपल्याकडं नाही. क्लाउडवाला देईल तो त्याचा नंबर, तुमचा ०२१७ तिकडं जाणार नाही, फार तर त्यावर फॉरवर्ड लावता येईल. म्हणून आहे त्याच कंपनीकडून तांब्याची लाइन फायबरवर करून घ्या आणि अर्जावर ठळक लिहा की नंबर हाच पाहिजे.

आता गंमत बघा. फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, मागं फोनचा आरजे-११ पोर्ट असतो. तो उचलून ईपीएबीएक्सच्या ट्रंकला लावा, ईपीएबीएक्सला कळतसुद्धा नाही की मागं तांबं गेलंय. म्हणजे जुनी वायरिंग, जुने फोन सगळं राहतं, फक्त डबा नवा घ्या, थोडे जास्त पोर्टवाला. बसवणाऱ्याकडून दोन गोष्टी तपासून घ्या. कॉलर आयडी नाही दिसला तर एफएसके-डीटीएमएफचं (नंबर पाठवायच्या दोन पद्धती) सेटिंग बदलायचं. दुसरं जास्त महत्त्वाचं, समोरच्यानं फोन ठेवल्यावर ट्रंक सुटतो का ते बघा. नाही सुटला तर लाइन अडकून बसते आणि परत तुमच्या पार्टीला एंगेज.

आयपी फोनवाल्याला पॅकिंगचं अंतर सांगा आणि त्याचा चेहरा बघा. लॅनची केबल एका दमात १०० मीटरच धरायची, पुढं मध्ये नेटवर्क स्विच टाका नाहीतर फायबर ओढा. साध्या फोनची दोन तारांची जोडी दीडशे मीटर आरामात जाते.

मागवाला:
हे कुणीच सांगितलं नव्हतं बघा. पण वीज परत पडली तर? आणि लाइट गेली की काय?

क्रोनबॉक्स:
फायबरमधून वीज येत नाही, ती बाजू सुटली. पण पॅकिंगची वायर उघड्यावरून जाते ना, तिथून येऊ शकते. क्रोन मॉड्यूलवर (फोनच्या तारा जोडायची पट्टी) जीडीटी प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत सोडणारा, लावा आणि अर्थिंग खरोखर आहे का ते बघा, अर्ध्या कारखान्यात ती नुसती हिरवी वायर असते, जाते कुठंच नाही. लाइटचं म्हणाल तर तांब्याच्या फोनला एक्स्चेंजकडून करंट यायचा, आता तसं नाही. ओएनटी आणि ईपीएबीएक्स दोन्ही यूपीएसवर पाहिजेत. नुसता ईपीएबीएक्स यूपीएसवर ठेवून बसलेले लई बघितलेत.

पॅकिंगच्या एक्स्टेंशनला समांतर मोठी बेल लावा, फ्लॅश लाइटवाली मिळते. आवाज नाही आला तरी दिवा दिसेल.

सातरस्ता:
पण रेकॉर्डिंगचं राहिलं की ओ.

क्रोनबॉक्स:
राहिलं नाही. लँडलाइन बिझी असेल तरच कॉल क्लाउड नंबरवर जाईल असा फॉरवर्ड टाका, आणि क्लाउडचं सगळ्यात छोटं पॅकेज घ्या, दोन-तीन माणसांचं. एंगेज टोनही गेला. मुख्य लाइनसाठी पाहिजेच असेल तर ईपीएबीएक्स घेतानाच व्हॉइस लॉगर, म्हणजे कॉल रेकॉर्ड करणारं यंत्र, जोडता येतो का विचारा. पीआरआय, म्हणजे एकाच जोडणीवर तीस कॉल नेणारी लाइन, घ्या म्हणून कुणी मागं लागला तर नाही म्हणा, तीस चॅनेल तुम्हाला कशाला.

मागवाला:
ठीक. सोमवारी लाइनचा अर्ज देतो. वडिलांना मोबाइलवर ऑर्डर घेऊ नका म्हणून सांगायला मात्र कुठली सिस्टीम मिळत असेल तर तीही कळवा. आणि ती फ्लॅशवाली बेल सोलापुरात कुठं मिळेल, का पुण्याहून मागवावी लागेल?

क्रोनबॉक्स:
इलेक्ट्रिकलच्या दुकानांत विचारा, फोनची एक्स्टेंशन बेल म्हणा. २३० व्होल्टची दाराची बेल देतील, ती घेऊ नका.